एकतीस जून

—नाही, सही मी करणार नाही, हे मघाशी दारातच सांगितलं, आता बसून सांगते. तुम्हीही बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, मुख्य कचेरीतून आलेला माणूस आमच्या प्रूफच्या खोलीत आपटला तर त्याचीही चौकशी लागायची. ह्या खुर्चीवर बसा. तो गठ्ठा उचलून खाली ठेवा — सावकाश, ऑगस्ट आहे तो, चार वर्षांपूर्वीचा. इथे महिने असेच धूळ खात पडलेले असतात. हं. आणा तो कागद. 'सदर दिनदर्शिकेच्या जून महिन्याच्या पानावर एकतीस ही तारीख जुळारी यांच्या हलगर्जीपणामुळे छापली गेली, असे मी नमूद करते.' मी कुठे काय नमूद केलंय? तुम्हीच नमूद केलंय आणि खाली माझ्या नावापुढे रेघ मारून आणलीय. शिवाय 'हलगर्जीपणा'तली वेलांटी चुकलीय, तुम्ही ऱ्हस्व काढलीय. थांबा, पेन इथेच आहे — हे बघा, असा लिहितात. राहवत नाही हो मला, चौतीस वर्षांची सवय. तुमचा कागद लाल झाला, होऊ दे. तसाही तो फुकट गेलाय.

जुळारी म्हणजे अक्षरं जुळवणारा आमचा वेलांटी. ह्या छापखान्यात त्याला सगळे वेलांटीच म्हणतात, कारण पहिल्या दिवशी त्यानं एकाच पानात अकरा वेलांट्या चुकवल्या होत्या, ऱ्हस्वाची दीर्घ, दीर्घाची ऱ्हस्व. पन्नाशीचा झालाय आता. संगणकाला नाक लावून बसतो, इतकं कमी दिसतं. वेलांट्या अजून चुकवतो, पण आकडा? आकडा त्यानं आजवर चुकवलेला नाही. त्याची रीत ठाऊक आहे का तुम्हाला? तो महिना जुळवतो, कागदावर काढतो, माझ्याकडे पाठवतो. मी लाल पेनानं खुणा करते. तो त्या खुणा जशाच्या तशा करतो. विचारत नाही. मी म्हटलं ही ओळ खाली, तर खाली. मी म्हटलं हा रविवार तांबडा कर, तर तांबडा. लाल शाईला प्रश्न विचारायचा नसतो — हे त्याला मीच शिकवलं, मीच, दोनदा ओरडून. आणि आज तुम्ही त्याला घरी बसवायला निघालात. त्याची मुलगी यंदा कॉलेजात गेली, बायकोचे गुडघे गेलेत, आणि गेले तीन दिवस तो जेवणाचा डबा उघडतोय आणि तसाच बंद करतोय. मी बघतेय ना, ह्या खिडकीतून त्याची खुर्ची समोरच दिसते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. का बघत नाही माहितीये? — जाऊ दे, येईलच ते.

आधी मला सांगा, बिघडलं काय एवढं? आकाश कोसळलं? तारीख एक जास्त आली. कमी तर नाही ना आली! लोकांना महिनाअखेर पुरत नाही म्हणून जो तो रडतो, त्यांना एक दिवस जास्त मिळाला तर तक्रार. काय म्हणालात? सभागृहवाला? हो, ऐकलं मी, सगळा छापखाना हसलाय त्यावर — एका गृहस्थानं एकतीस जूनला सभागृह मागितलं आणि सभागृहवाल्यानं आपलंच कॅलेंडर बघून लिहून घेतलं! दोघंही शहाणे, दोघांच्याही भिंतीवर आमचा जून. आणि कुणी दंतवैद्य आहेत, त्यांनी एका बाईंना दाढ काढायला एकतीस जूनची वेळ दिली. त्या बाई म्हणे खूश आहेत. मी असते तर मीही असते! म्हणजे बघा, चाळीस हजार प्रती वाटून झाल्या, महिना झाला, तरी दोघा-तिघांच्याच लक्षात आलं, तेही उलट्या बाजूनं. लोक कॅलेंडरवर विश्वास ठेवतात हो. छापून आलं म्हणजे आहे. दिवस आधी आणि कॅलेंडर नंतर, असं तुम्हाला वाटतं — नाही, उलटं आहे ते. मी सांगते तुम्हाला.

मागची पानं वाचता कधी? प्रत्येक महिन्याच्या पाठीमागे चौकोनात बारीक मजकूर असतो बघा, 'काळाच्या गोष्टी' म्हणून. नाही वाचत ना? कुणीच वाचत नाही. खाली नाव नसतं. ते मी लिहिते, सव्वीस वर्षं. जागा रिकामी राहते म्हणून जुने मालक म्हणाले, बाई, काहीतरी भरा. मी भरत गेले. वाचनालयातून पुस्तकं आणून, रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून. तर ऐका. रोममध्ये कॅलेंडर इतकं घसरलं होतं की सुगीचे दिवस आले तरी सुगी येईना. तेव्हा तिथल्या सत्ताधीशानं काय केलं? एका वर्षात नव्वद दिवस घुसवले. नव्वद! चारशे पंचेचाळीस दिवसांचं वर्ष. त्याची चौकशी झाली? — बरं, त्याला पुढे मारलं भोसकून, पण ते ह्यासाठी नव्हे. मग सोळाशे वर्षांनी एक पोप आला, त्याला दिवस जास्त वाटले. त्यानं दहा काढून टाकले. लोक गुरुवारी चार ऑक्टोबरला झोपले आणि शुक्रवारी उठले तर पंधरा. मधल्या दहा दिवसांत ज्यांचे वाढदिवस होते त्यांनी काय करायचं? बसा गप्प. फ्रान्समध्ये क्रांतीवाल्यांनी आठवडाच दहा दिवसांचा केला, म्हणजे सुट्टी सातव्या दिवसाची दहाव्या दिवशी गेली, आणि वर म्हणायचं हे सगळं तुमच्या भल्यासाठी. दिवसाचे तासही दहा केले, तशी घड्याळंसुद्धा बनवली. आणि स्वीडन! माझं लाडकं. त्यांना जुन्यावरून नव्या कॅलेंडरावर जायचं होतं, हळूहळू, चाळीस वर्षांत, लीप वर्षांचा एकेक दिवस गाळत. पहिला गाळला. पुढचे दोन गाळायचे विसरले! ना जुनं ना नवं, त्यांचं सगळंच जगावेगळं झालं. मग म्हणाले नको ती भानगड, मागे फिरा. आणि गाळलेला दिवस परत द्यायला त्यांनी सतराशे बारा साली फेब्रुवारीला तीस तारीख घातली. तीस फेब्रुवारी! रीतसर, राजाच्या हुकमानं, पंचांगात छापून. मी म्हणते, राजानं घातला तर सुधारणा आणि प्रूफवालीनं घातला तर हलगर्जीपणा?

—काय? हो, म्हटलं मी 'प्रूफवालीनं'. ऐकलंत तुम्ही बरोबर.

घड्याळ नका बघू सारखं. अथेन्सच्या न्यायालयात पाण्याचं घड्याळ असायचं, खाली भोक पाडलेलं मडकं. पाणी गळेपर्यंत बोलायची मुभा. पण मध्ये पुरावा वाचायचा असेल तर भोक बुजवायचे, तेवढा वेळ धरत नसत. तुम्हीही धरू नका, कारण आता मी पुरावा काढतेय. हा ड्रॉवर अडकतो जरा — हं. हेच शोधत होतात ना? जूनचं शेवटचं प्रूफ. तुमच्या माणसांनी परवा माझी चारही कपाटं उपसली, ब्याण्णव सालापासूनचे जून जमिनीवर पसरले. हे माझ्या डब्याखाली होतं. डब्याला हात लावायची हिंमत नाही झाली कुणाची. बघा. तीसच्या पुढे चार चौकोन कोरे. आणि पहिल्या कोऱ्यात हे काकपद, म्हणजे 'इथे घाला'ची खूण, हा बाण, आणि बाहेर समासात — एकतीस. लाल शाई. खाली 'छापण्यास हरकत नाही' आणि माझी सही. वेलांटीची चूक कुठे ह्यात? त्यानं लाल शाई पाहिली आणि आकडा घातला. उठून माझ्याकडे आला होता तो, तेवढं मात्र खरं. दारात उभा राहिला, हातात हेच प्रूफ. म्हणाला, ताई, जून... मी मान वर न करता म्हटलं, दिसतंय ना लिहिलेलं? तो गेला. म्हणून तो बघत नाही माझ्याकडे. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि तीन दिवस तुमच्या माणसांनी दरडावून विचारलं तरी त्यानं सांगितलं नाही. आणि मी तीन दिवस गप्प बसले. त्याची लाज वाटते मला. एकतीसची नाही वाटत. गप्प बसल्याची वाटते.

चुकून? चुकून कसं? हसता काय! मी आकडा चुकवीन? जुलैची पहिली तारीख बुधवारी आहे हे मला पाठ होतं, आणि हा एकतीसही बुधवारीच पडला, म्हणजे लागोपाठ दोन बुधवार. तेही बघितलं मी. जुलैला धक्का लावायचा नाही, पुढचं कुणाचं काही हलवायचं नाही, फक्त मध्ये एक घालायचा. जहाजं पूर्वेकडे जाताना समुद्रातली तारखेची रेघ ओलांडतात, तेव्हा त्यांना तोच वार दोनदा मिळतो, कुणी ओरडत नाही. तसा. विचार करून, पेनाला टोपण लावून, परत काढून घातलाय तो.

जूनच का? का म्हणजे — जून हाताशी होता. एप्रिलमध्ये घालता आला असता, नोव्हेंबरमध्ये घालता आला असता, तीसवाले पुष्कळ आहेत. पण डॉक्टर जून म्हणाले.

...

बाहेरचं छपाईचं यंत्र थांबू दे जरा. ह्या खोलीत ते सुरू असलं की दात हलतात.

काही नाही हो. आता तोंडातून गेलंच आहे तर ऐका, आणि कागदावर नका उतरवू, पेन खाली ठेवा. ह्या खोलीत नेहमी पुढचं वर्ष चालू असतं. बाहेर ऑगस्ट, आत मी पुढच्या वर्षाचा मे वाचत असते. चौतीस वर्षं हेच. कुठलंही वर्ष उजाडतं तेव्हा माझं वाचून झालेलं असतं, मला त्यात नवं काही नसतं. ह्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ह्यांना घेऊन मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते. ह्यांना बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. मी विचारलं, किती? स्पष्ट विचारलं, मला मोघम चालत नाही. ते म्हणाले, पुढचा जून. फार तर जूनअखेर. त्यांच्या भिंतीवर आमचंच कॅलेंडर होतं, त्याकडे बघून म्हणाले. घरी सोडलं ह्यांना, नणंद आली होती तिच्या स्वाधीन केलं, आणि कामावर आले. टेबलावर काय? जून. पुढच्या वर्षाचा. मी वाचला. एक, दोन, तीन, सगळे बरोबर होते. वेलांटीनं चूक म्हणून केली नव्हती. तीसपाशी आले आणि पुढे तो कोरा चौकोन.

मला राग आला. रडू नाही आलं, लोकांना वाटतं रडू येतं. राग आला. की रोममध्ये नव्वद घालतात, पोप दहा उचलतो, पूर्वी गावागावाचं घड्याळ निराळं असायचं, ते आगगाड्यांसाठी एका दिवसात पुसून टाकतात, जो सत्तेवर येतो तो दिवसांत हात घालतो — आणि मी, जिनं चौतीस वर्षांत बारा हजारांवर दिवस एकेक करून तपासून लोकांच्या भिंतीवर पाठवले, मला एक नाही घालता येणार? एक? इजिप्तची गोष्ट आहे, मार्चच्या मागे छापली होती मी. आकाशाच्या देवीला शाप होता की वर्षातल्या कुठल्याही दिवशी तिला मूल होणार नाही. मग एका देवानं चंद्राबरोबर जुगार मांडला, त्याच्या उजेडाचे तुकडे जिंकत गेला आणि त्यांचे पाच दिवस केले. कुठल्याच महिन्यात नसलेले. म्हणून त्यांचे बारा महिने तीस-तीसचे आणि वर पाच मोकळे. एका बाईसाठी, हो! देवाला जुगार खेळून मिळाले. माझ्याकडे लाल पेन होतं.

नाही, मला वेड लागलेलं नाही. आकडा छापला म्हणून माणूस जगत नाही, हे मला कळतं. तुमच्याहून जास्त कळतं. तसं बघू नका माझ्याकडे.

आमचे हे शिंपी. कोपऱ्यावर जिन्याखाली दुकान होतं, दोन यंत्रं मावतील एवढं. हात सोन्याचा, पण दिलेली तारीख पाळली तर शपथ. आमच्याच कॅलेंडरावर गिऱ्हाइकांचे वायदे लिहायचे आणि महिनाअखेरीला दुकानातून मागच्या दारानं पळायचे. मला म्हणायचे, तुझे तीसवाले महिने माझ्या जिवावर उठलेत. एखाद्याला एकतीस छाप की! तुला काय, एक आकडा. दर वर्षी म्हणायचे. मी दर वर्षी म्हणायचे, आधी माझा कोट द्या. लग्नाच्या वर्षी माझ्यासाठी हिरवं कापड आणलं होतं, कोट कापला, आणि कापलेला तसाच ट्रंकेत पडून आहे. शिंप्याची बायको आणि अंगावर दुकानातला तयार कोट, सगळी गल्ली हसायची. आता तर तो माझ्या एका दंडाला होईल. ते म्हणतात, कळ्या टाकीन बाजूनं, तू फक्त उभी राहा.

काय म्हणता? हं, ती प्रत. मला वाटलंच, शेवटी तुम्ही तिच्यावर येणार. चाळीस हजारांवर कोऱ्या चिकटपट्ट्या लावायला माणसं पाठवलीत, बरं केलंत, लावा. कचेरीची प्रत सापडत नाही. कशी सापडेल? ती माझ्या घरी आहे. पलंगाच्या पायथ्याशी, खिळ्यावर. पाठ झालाय मला त्या भिंतीचा पोपडान् पोपडा. आठवड्यापूर्वी ह्यांनी मला ती पानं उलटायला लावली. बोट लावून चौकोन मोजले, तीसवर थांबले, पुढचा वाचला. माझ्याकडे बघितलं. आणि हसले हो. इतके हसले की ठसका लागला, नणंद पाणी घेऊन धावली, तिला वाटलं काय झालं. मला म्हणाले, घातलास? शेवटी घातलास! मग पेन्सिल मागितली. खडू नको, पेन्सिल.

नाही. देणार नाही. 'हरवली' असंही लिहू नका, ते खोटं होईल. 'बाईंनी दिली नाही' असं लिहा. आणि हे प्रूफ घ्या, मागच्या बाजूला माझा जबाब आहे, सकाळीच लिहून ठेवलाय: 'चूक झालेली नाही. आकडा मी घातला. जुळाऱ्याने माझा हुकूम पाळला.' खाली पूर्ण नाव, तारीख. काढा मला. एप्रिलमध्ये मी निवृत्त होणार, तेव्हा तुम्ही नारळाएवढं एखादं घड्याळ देऊन निरोप देणारच होतात, ते वाचलं. जाताना वेलांटीच्या खुर्चीपाशी थांबा आणि त्याला सांगा, डबा खा म्हणावं. मी नाही सांगणार, मी सांगायला गेले तर आम्ही दोघंही कामातून जाऊ.

आणि हा नवा जून, पुढच्या प्रतींसाठी दुरुस्त केलेला. आज सकाळीच आला माझ्याकडे, तपासायला. बघा गंमत, माझी चौकशी चालू आहे आणि जून अजून माझ्याशिवाय छापता येत नाही. थांबा दोन मिनिटं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. पुढे कोरे. बरोबर आहे. ही घ्या सही — सही करणार नाही म्हटलं होतं, ह्यावर करते. सगळ्या जगाचा जून तीस दिवसांचा, घेऊन जा.

फक्त त्या एका भिंतीवर पट्टी लागणार नाही. त्या चौकोनात ह्यांचं अक्षर आहे. वेडंवाकडं झालंय आता, पण मला वाचता येतं. 'कोट. नक्की.' जन्मात कुठल्याच गिऱ्हाइकाला त्यांनी 'नक्की' लिहून दिलं नव्हतं.

उठा. दार ओढून घ्या.